मखमलाबादचा समुद्र

१

स्टीलच्या ताटलीत एक कोळंबी ठेवलेली होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांबलचक मिशांची आणि मेलेली. तिच्या बाजूला काही गोगलगायी होत्या, त्याही मेलेल्या. राजने ती ताटली माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, "मॅडम, पोस्टमॉर्टेम करा. विष घातलंय. मला सर्टिफिकेट पाहिजे."

मी गुरांची डॉक्टर. अडलेलं वासरू ओढायचं, फुगलेल्या म्हशीच्या पोटातला वारा काढायचा, हे माझं काम. त्या दिवशीही राजच्या आईनं, अंबूबाईंनी, मला कासेला सूज आलेल्या गाईसाठी बोलावलं होतं. तिला सुई टोचून मी हात धुवायला घरात आले, तर हा ताटली घेऊन उभा. कोळंबीचं पोस्टमॉर्टेम मी आजवर फक्त जेवायच्या ताटात केलं होतं आणि हे मी राजला सांगितलंही. त्याला हसू आलं नाही.

"कुणी घातलं विष?" मी विचारलं.

"हिरामणने. दुसरं कोण?"

हिरामण म्हणजे त्यांच्या मळ्यात राहून काम करणारा गडी. सुरगाण्याकडचा. पूर्वी तो भाताची कापणी झाल्यावर कामाला यायचा आणि पावसाआधी परत जायचा. मग मुलीच्या शाळेसाठी बायकोसह इथंच मळ्यातल्या खोलीत राहिला. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात जीप उभी होती आणि हिरामणची बायको कुसाबाई तिच्यात बोचकी चढवत होती. खाली मातीत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यावर त्यांची मुलगी रोशनी पुस्तक उघडून बसली होती.

"कुठं निघाले हे?"

"गावाला. मी काढलंय त्यांना. जीपवाला जेवायला गेलाय, तो आला की निघतील. तुम्ही सही केली की मी पोलिसात जातो."

"अरे, पोरगी दहावीला आहे ना? परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

तो हे इतक्या सरळ बोलला की माझं डोकंच फिरलं. रोशनीचं परीक्षेचं केंद्र इथलं, शाळा इथली. ती एकदा सुरगाण्याच्या डोंगरात परत गेली, आणि त्यात बापावर विष घातल्याची तक्रार, तर तिची दहावी झाल्यात जमा होती. दोन पावलांवर ती मान खाली घालून वाचत होती आणि इकडे हा गोगलगायींसाठी सही मागत होता.

मला तशीही एका जागी बसायची सवय नाही. मी ताटली घेतली आणि म्हटलं, "चल, दाखव तुझा समुद्र."

२

नाशिकपासून समुद्र लांब, मधे अख्खा घाट. तरी २००६ सालच्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मखमलाबादच्या एका बंगल्यात, समोरच्या खोलीत, काचेच्या पेटीत समुद्र होता.

राज घरचा एकुलता एक. वडील गोटीराम, ज्यांना सगळा गाव नाना म्हणतो, त्यांचा गुलाबाचा आणि भाजीचा मळा. पोरानं तो पुढं चालवावा एवढीच त्यांची इच्छा. पोरगा सायबर कॅफेत जाऊन वाचायला लागला आणि त्याच्या डोक्यात खाऱ्या पाण्याचं खूळ शिरलं. गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं. त्याला समुद्राचा तळ पाहिजे होता, त्यातल्या जिवंत दगडांसकट.

सुरुवातीचे दिवस मला आठवतात, कारण तेव्हा गावानं फार करमणूक करून घेतली. गाळलेल्या पाण्यात खास पाकिटातलं मीठ कालवून राजनं टाकी भरली. तिच्यात समुद्रातून आणलेले दगड ठेवले आणि मग तो महिना-दीड महिना नुसता बघत बसला. पाणी मुरायला लागतं म्हणे. दगडांवरचे डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले की मगच त्या पाण्यात मासा तगतो. लोक मासे बघायला यायचे आणि दिवा लावून ठेवलेले दगड बघून परत जायचे. नानांनी तर अंगणात चारचौघांत जाहीर केलं, "ज्या खोलीत माझा पोरगा दगडांची राखण करतो, त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही."

मग गोगलगायी आल्या, कोळंबी आली, वाऱ्यावर डुलल्यासारखी हलणारी मऊ पोवळी आली. शेवटी दोन जोकर मासे आले, केशरी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे.

आता त्या पोवळ्यांचा पार लगदा झाला होता. मी काचेला नाक लावलं तशी दोन केशरी शेपट्या दगडामागे गडप झाल्या.

"मासे जिवंत आहेत की."

"दोघंही. पण अनोळखी माणूस आला की लपतात. माझ्याकडेसुद्धा खाणं टाकल्याशिवाय येत नाहीत."

"हे सगळं कधी झालं?"

राज खोलीत येरझारा घालत सांगायला लागला. तो शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मुंबईला गेला होता, मीठ आणि औषधं आणायला. शिवरात्रीला सकाळीच लाइट गेली ती दिवस मावळताना आली. भारनियमनाचे दिवस, त्यात नवल नाही. पण या टाकीतलं पाणी पंपानं सतत हलतं ठेवावं लागतं. पाणी थांबलं की त्यात हवा मिसळत नाही आणि आधी मासे गुदमरतात. म्हणून त्यानं हिरामणला बजावलं होतं, लाइट गेली की डिझेलचा जनरेटर लावायचा.

"मग लावला?"

"तो म्हणतो, दिवसभर चालू होता. मी पण आधी तेच विचारलं. म्हणजे गुदमरून मेले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी आलो तर हे असं. बाकी काय राहिलं? विषच ना?"

"आणि हिरामणचं तुझ्याशी काय वाकडं?"

राजनं नजर चुकवली. "शिवरात्रीला त्याला गावाला जायचं होतं. मी सुट्टी दिली नाही. टोमॅटोवर फवारणी करायची होती."

मी ताटलीतल्या गोगलगायींकडे पाहिलं, मग दगडामागून डोकावणाऱ्या माशांकडे. गोगलगाय मेली आणि मासा जगला. हे मी कुठंतरी आधी पाहिलं होतं, आणि ते आठवलं तेव्हा मला ते आठवायला नको होतं असं झालं.

३

पाणथळ जागी चरणाऱ्या गुरांच्या काळजात चपटे किडे होतात. ते किडे गोगलगायींतून येतात. म्हणून पूर्वी डबक्यांत मोरचूद टाकायचे. मोरचूद म्हणजे तांबं. बेताचं पडलं तर मासा कसाबसा निभावतो, पण गोगलगाय वाचत नाही.

"तुझ्याकडे पाणी तपासायच्या बाटल्या आहेत ना? त्यात तांबं तपासायची आहे?"

राजनं टेबलाखालचा खोका ओढला. नव्या छंदाला लागलेल्या माणसासारखी त्यानं दिसेल ती बाटली आणून ठेवली होती. तांबं तपासायची बाटली तर अजून उघडलेलीही नव्हती. नळीत टाकीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी हलवली आणि दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो.

पाणी निळं झालं.

राजनं सूचनेचा कागद दोनदा वाचला. निळं म्हणजे तांबं. मग त्याचा चेहरा बदलला. "मोरचूद," तो म्हणाला. "टोमॅटोवर मोरचूद आणि चुनाच मारत होता तो त्या दिवशी. पाठीवर पंप होता त्याच्या."

 पोरीची परीक्षा वाचवायला मी या खोलीत शिरले होते आणि तिच्या बापाविरुद्धचा पुरावा मीच नळीत धरून उभी होते.

"आता करा सही," राज म्हणाला.

"नाही."

"का?"

"कारण मी अजून त्याच्याशी बोलले नाही," मी म्हटलं आणि अंगणात आले. जीपवाला अजून आला नव्हता.

४

हिरामण जीपच्या टपावर गोधड्या बांधत होता. मी हाक मारली तसा खाली उतरला आणि हात बांधून उभा राहिला. कुसाबाईनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हिरामण, शिवरात्रीला तू त्या खोलीत गेला होतास?"

"नाय डॉक्टरबाई. मी टोमॅटोत व्हतो. त्या खोलीत मी पायच ठेवला नाय."

"फवारणीचा पंप कुठं धुतलास?"

"विहिरीवर. रोजच्यासारखा."

"आणि जनरेटर?"

"चालवला ना. दिवसभर." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. खोटं बोलणारी माणसं मी रोज पाहते. बैल काय खाऊन आजारी पडला हे मालकाला विचारलं की मालकही असाच जमिनीकडे बघतो.

मी रोशनीजवळ गेले. पेटीवर बसून ती भूगोलाचं पुस्तक वाचत होती. म्हणजे डोळे पानावर होते, पण पान काही उलटत नव्हतं.

"किती झालाय अभ्यास?"

"भूगोल झालाय. शिवरात्रीला सगळा वाचून काढला."

"कुठं बसून?"

"शेडच्या मागं. तिथं सावली असती."

मी शेडकडे पाहिलं. पत्र्याची शेड आणि तिच्यात तो जनरेटर. तो धडधडायला लागला की गोठ्यातली जनावरं बिथरतात, हे माझ्या अनुभवाचं होतं.

"जनरेटरच्या आवाजात कसं काय वाचलंस?"

"आवाज नव्हता," ती म्हणाली. मग तिनं बापाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. 

हिरामणनं कपाळावरचा घाम पुसला. "डिझेल नव्हतं, डॉक्टरबाई. मी सकाळी बघितलं तवा डबा रिकामा. आणायला जायचं तर फवारणी ऱ्हाती. म्हटलं लाइट येईल आत्ता. आलीच नाय. राजभाऊनं इचारलं तवा भ्यालो आन चालवला म्हणालो."

"म्हणजे तू खोटं बोललास."

हा आवाज मागून आला. राज पायरीवर उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. "सुट्टी दिली नाही म्हणून जनरेटर लावला नाही, वर मोरचूद टाकलं. आणि मला तोंडावर सांगतो दिवसभर चालवला. मॅडम, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

कुसाबाई खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. रोशनीनं पुस्तक मिटलं. तिनं पुस्तक मिटलेलं मला अजिबात बघवलं नाही.

"राज," मी म्हटलं, "एक सांग. जनरेटर बंद होता. दिवसभर पंप नव्हता. पाण्यात हवा नव्हती. मग तुझे मासे मेले का नाहीत?"

तो वळला आणि टाकीच्या खोलीकडे चालायला लागला.

५

आम्ही परत टाकीपाशी आलो. मी आता टाकीत बघायचं सोडून टाकीच्या भोवती बघायला लागले.

"तूच म्हणालास, पाणी थांबलं की आधी मासे जातात. ते गेले नाहीत. म्हणजे दिवसभर कुणीतरी हे पाणी हलवत होतं, हातानं. तुझ्या समुद्राला विष घालायला आलेला माणूस माशांना वारा घालत बसेल का?"

"मग तांबं कुठून आलं?"

"ज्यानं पाणी हलवलं त्याच्याबरोबरच आलं असेल."

टाकीच्या वर दिव्यासाठी लाकडी चौकट होती. राजनं ती स्वतः केली असावी, कारण चार कोपरे चार दिशांना होते. चौकटीच्या मधोमध, आडव्या पट्टीला, पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा बांधलेला होता. खालचं टोक कापलेलं. गाठ बघून मी राजला विचारलं, "ही तू मारलीस?"

"नाही. ही हाराची गाठ आहे. मला कुठं येते? आमच्याकडे आई, नाना, दिशा, सगळ्यांना येते."

दोऱ्याच्या खाली काचेच्या कडेवर आणि मागच्या भिंतीवर पांढरे वाळलेले शिंतोडे होते. मी बोट लावून चाखलं. मीठ.

मी आत स्वयंपाकघरात गेले. राजची बायको दिशा ओट्यापाशी होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि तिचं माहेरून आलेलं कपाट या टाकीपायी माडीवर गेलं होतं, हे तिनं मला कधीच ऐकवलं होतं. रागच धरायचा तर तिला कारण होतं.

"दिशा, शिवरात्रीला तू कुठं होतीस?"

"आई आणि मी त्र्यंबकला. पहाटेच गेलो, बेल आणि फुलं घेऊन. रात्री आलो तेव्हा लाइट आली होती." मग ती जरा थांबून म्हणाली, "माझ्यावर संशय आहे का? मला ती टाकी आवडत नाही, पण ती कोळंबी मला आवडायची. भाजी निवडताना मी तिच्याशी बोलायचे."

अंबूबाई देवघरात होत्या. त्यांनीही तेच सांगितलं. घरी फक्त नाना होते, उपास धरून.

"मग नानांना विचारलं का कुणी, खोलीत कोण आलं होतं?"

"त्यांना काय विचारायचं डॉक्टरबाई? ते त्या खोलीकडे फिरकत नाहीत. चारचौघांत बोलून बसलेत ना. तुम्हाला ठाऊक आहे त्यांचा हेका."

मी देवघरात नजर फिरवली. मांडणी साधी होती आणि मधे शंकराची पिंड. पिंडीवर लाकडी तिवईत अभिषेकाचं पात्र टांगलेलं होतं, ते बुडाला भोक असलेलं, ज्यातून पाण्याची धार पिंडीवर पडत राहते. तांब्याचं, चांगलं मोठं.

"हे कधी घासलंत काकू?"

"शिवरात्रीच्या आदल्या दिवशी. चिंच लावून लख्ख केलं. तेवढं मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही."

"खाली काढा जरा."

त्यांनी पात्र काढलं आणि आत पाहिलं. बाहेरून लख्ख होतं. आत मात्र हिरवा थर चढला होता. तीन दिवसांत घासलेलं तांबं इतकं हिरवं होत नाही, गोड्या पाण्यानं तर नाहीच. भोकाशी, जिथून धार पडते, तिथं पांढरं काहीतरी साचलं होतं. मी पात्र उचललं आणि तिथं जीभ लावली.

"अहो, देवाचं आहे ते," अंबूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे काकू," मी म्हटलं. "पण खारट आहे."

६

नाना गुलाबाच्या वाफ्यात होते. दिशाच्या म्हणण्याप्रमाणे सकाळपासून तिथंच होते आणि बोलावूनही जेवायला आले नव्हते. कात्री घेऊन ते वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते आणि न उमललेल्या कळ्या छाटत होते. फुलवाल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "नाना, टाकीच्या खोलीत येता का जरा?"

"मी त्या खोलीत येत नाही."

"दारापर्यंत तरी या."

ते आले. घरातले सगळे आत होते. मी टाकीपासून लांब भिंतीला टेकून उभी राहिले, मासे दगडामागे होते. नाना उंबऱ्याबाहेर थांबले, आत पाऊल टाकलं नाही, नुसते उभे राहिले.

आधी एक केशरी डोकं दगडामागून निघालं, मग दुसरं. दोन्ही मासे सरळ दाराच्या बाजूच्या काचेपाशी आले आणि तिथं वरखाली करायला लागले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नाना डावीकडे सरकले तर मासेही डावीकडे.

राज बघतच राहिला. महिनोन् महिने ज्यांना त्यानं जपलं, ते त्याच्या बापाला ओळखत होते.

"मी मुंबईला गेलो की तुम्ही इथं येता?" त्यानं विचारलं.

"तू शेतात गेलास तरी येतो," नाना म्हणाले. त्यांनी कात्री खिडकीत ठेवली आणि उंबरा ओलांडून आत आले. "आता विचार काय विचारायचं ते."

मी अभिषेकाचं पात्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा सगळा ताठा गेला. मग ते बोलायला लागले, थांबत थांबत.

"लाइट गेली आणि हे दोघं वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. श्वास कोंडल्यावर माणूस करतो तशी. जनरेटरचा आवाज नाही. हिरामण लांब टोमॅटोत. मला काय कळतंय यातलं? तिकडं पिंडीवर धार चालू होती. म्हटलं ही धार इथं धरली तर पाणी हलेल. देवाची माफी मागितली आणि पात्र काढून इथं टांगलं. टाकीतलंच पाणी पात्रात भरायचं, धार धरायची, संपलं की पुन्हा भरायचं."

"दिवसभर?" राजनं विचारलं.

"लाइट येईपर्यंत. ते दोघं खाली गेले, मग मी पात्र काढलं, घाईघाईत विसळलं आणि जागेवर ठेवलं."

 सांगणं माझ्यावर आलं आणि मला ते सांगायचं नव्हतं. शेवटी मी अंबूबाईंनाच विचारलं, "काकू, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तुम्ही ताक ठेवाल का? लोणचं ठेवाल?"

"छे. कळकेल की, विषारी होईल." आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. "पाणी कळकलं. खारं पाणी, आणि दिवसभर तांब्यात..."

"हो. धारेबरोबर तांबं टाकीत उतरत राहिलं. मासे मोठे, ते सोसून गेले. कोळंबी, गोगलगायी, पोवळी यांना तेवढंही सोसत नाही. नाना, तुम्ही नसता तर संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे मेले असते. तुम्ही होतात म्हणून ते जगले. पात्र तांब्याचं होतं म्हणून बाकीचे गेले. विष कुणी घातलं नाही."

नानांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला. "सकाळी ती कोळंबी आडवी पडलेली दिसली तेव्हाच मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी झालं. काय झालं ते कळेना."

"मग बोलला का नाहीत?" राजचा आवाज चिरकला. "मी हिरामणला काढलं. पोलिसात जाणार होतो मी."

"गावासमोर बोलून बसलो होतो ना, पाय ठेवणार नाही म्हणून. वाटलं, दोन दिवसांनी तुझा राग उतरेल आणि कुणालाच काही सांगावं लागणार नाही." नानांनी मान वर केली. "चुकलं माझं. एका पोरीची परीक्षा बुडायला आली आणि मी माझी लाज राखत बसलो."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. जीपवाला जेवून आला होता.

७

इतकी वर्षं मी नानांना पाहते आहे, पण त्यांना असं भराभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही अंगणात पोचेपर्यंत त्यांनी जीपच्या टपावरची गोधड्यांची दोरी सोडायला घेतली होती. जीपवाला चिडून काहीतरी म्हणाला. नानांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"हिरामण, टाकीतले ते जीव माझ्या हातून मेले," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. "तुझा काही संबंध नाही. तू खाली उतरव सामान."

हिरामण जागचा हलला नाही. तो राजकडे बघत होता.

राज पुढं झाला. "हिरामण, चुकलो मी. डॉक्टरमॅडमनी सगळं शोधून काढलं. तू कुठं जाऊ नको. जनरेटरचंही मी काही बोलणार नाही."

"जनरेटरचं बोला ना," हिरामण म्हणाला. "त्ये माझं हाय. मी भिऊन खोटं बोललो, त्येवढं माझ्या पदरात टाका. पण इष घालणारा म्हणला तुमी मला. पोरीच्या समोर म्हणला." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "तिचे पेपर व्हईपर्यंत ऱ्हातो. शेवटचा पेपर झाला का आमी जाऊ."

"अरे, पण आता जायचं कारणच काय?"

 कुसाबाईनं एक बोचकं उतरवलं आणि ती खोलीकडे चालायला लागली.  मला राजची दया आली आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी. त्याची टाकी पुन्हा भरली असती. नवं पाणी, नवं मीठ, नवे दगड, पुन्हा महिना-दीड महिना वाट बघणं, एवढंच काम होतं ते.

रोशनी पेटीवरून उठून बाजूला उभी होती, पुस्तक छातीशी धरून. नाना तिच्यापाशी गेले, खाली वाकले आणि ती पत्र्याची पेटी त्यांनी खांद्यावर घेतली. जड असावी, कारण त्यांचा तोल गेला. हिरामण मदतीला पुढं आला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

"कुठं ठेवू?" त्यांनी रोशनीला विचारलं.

तिनं आधी बापाकडे पाहिलं. हिरामणनं मान डोलावली.

"खिडकीखाली ठेवा, नाना," ती म्हणाली. "मी तिच्यावर वही ठेवून लिहिते."

नाना पेटी घेऊन त्या खोलीत गेले. मागोमाग ती गेली. राज अंगणात उभा राहिला, आणि त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही.